कडब्याचा बोकड

बोकड कसा असतो हे नॉर्वेच्या लोकांना आमच्या बिरूमामांनी शिकवलं. हसू नका, खरं तेच सांगतेय.

सोलापुरात विजापूर रस्त्याला, वस्ती संपून माळ लागायचा तिथं, नॉर्वेहून आलेल्या एका लहानशा मंडळीनं कंपाउंड घातलं होतं. दगडी बंगला, पत्र्याची लांबलचक कामशाळा, दोन खाटांचा दवाखाना आणि आठ-दहा कडुलिंब. कामशाळेत लाकडी खेळणी, वेताच्या टोपल्या, कडब्या-काड्यांच्या शोभेच्या वस्तू बनायच्या आणि पेट्या भरभरून बोटीनं नॉर्वेला जायच्या. मी तिथं लागले तोवर बाकीचे गोरे एकेक करून परत गेले होते. उरल्या होत्या एकट्या सिग्नेबाई. उंच, हाडकुळ्या, उन्हानं लाल पडलेल्या. सुती साडीखाली पुरुषी बूट घालून तरातरा चालायच्या. नाताळ करायच्या तो त्यांच्या गावाकडचा, लहानपणी बघितलेला, जसाच्या तसा. आणि त्यांच्याकडं नाताळाला गवताचा बोकड लागतो. का लागतो ते मला विचारू नका, बाईंनाही धड सांगता यायचं नाही.

बिरूमामा त्या कामशाळेचे मिस्त्री. धनगराच्या घरात, माळशिरसच्या पलीकडच्या माळावर जन्मलेले. मिसरूड फुटेपर्यंत शेरडं-मेंढरं राखली. एका वाईट सालात कळप गेला म्हणून सोलापूरला आले, कंपाउंडात पाणी शेंदायला राहिले, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सुताराच्या हाताखाली लाकूडकाम शिकले. म्हातारा मायदेशी गेला, त्याची पटाशी मामांकडं राहिली.

बोकडाची गोष्ट माझ्या आधीची, पण कंपाउंडात ती इतक्या वेळा सांगितली जायची की मला तोंडपाठ झाली. पहिल्या वर्षी बाईंनी मामांपुढं चित्र ठेवलं. ताठ पायांचा, बिनकानाचा, शिंगं पार पाठीवरनं शेपटीपर्यंत वळलेली. मामांनी चित्र उजेडात धरून बघितलं.

"बाई, ह्यो बोकड न्हाय."

"मग काय आहे?"

"ते काय म्या सांगावं? पर बोकड न्हाय. ही शिंगं घिऊन ह्यो मान कशी वळवंल? चरंल कसा? आन् कान कुटं ग्येले?"

बाईंनी समजावलं, हा खरा बोकड नाही, सणाचा आहे. मामांनी 'व्हय, व्हय' केलं आणि चार दिवसांनी जो बोकड आणून ठेवला त्याला आखूड शिंगं, लांब लोंबते कान, गव्हाच्या काड्यांची दाढी आणि तोंडावर आपल्याकडच्या बोकडाचा असतो तो उर्मटपणा. अंग भिजवून ठेचलेल्या कडब्याचं, लाल सुतानं आवळलेलं. वर कपाळाला बिरोबाचा भंडारा. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तो उचलून झाडाखाली ठेवला. पुढं नॉर्वेहून मागणी यायला लागली ती लोंबत्या कानांचीच, कपाळाच्या हळदीसकट.

मी सत्तर साली तिथं टायपिस्ट म्हणून लागले. घरी वडील गिरणीत कापूस खाऊन खाऊन छातीनं अधू झालेले, पाठीवर दोन बहिणी. पहिल्या दिवशी मामा ऑफिसच्या दारात उभं राहून माझी बोटं बघत राहिले. "टायपिस्टबाई, तुमी बघताय कागदाकडं आन् बोटं चालत्यात भलतीकडं. चुकत न्हाय व्हय?" म्हटलं, चुकतं की. तर म्हणाले, "चुकलं तरी कागदाला कुटं दुखतंय. लाकडाचं तसं न्हाय." तेव्हापासून मी टायपिस्टबाई ती शेवटपर्यंत.

डोक्याला पिवळा पटका, कानावर पेन्सिल. मापाची टेप खुंटीला लटकलेली. माप घेणार वितीनं. खिळ्यांचं तर वैरच. लाकडात लाकूड बसवायचं, फार तर लाकडी खुंटी ठोकायची. एकदा एका नव्या कारागिरानं घाईत खेळण्यातल्या घोड्याच्या पायाला बारीक खिळा मारला, तर मामांनी तो घोडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो घरी न्ये. आपल्या हितं जबरदस्तीचं काम न्हाय." तो गडी दिवसभर कानकोंडा झाला होता.

आणि एक शब्द त्यांच्या तोंडी कायम. कुणाला काही कबूल केलं की कानावरची पेन्सिल काढून समोरच्या लाकडावर टक् करून वाजवायची आणि म्हणायचं, "शबुद म्हंजी शबुद." मग तो शब्द दुपारी काम संपवायचा असो, नाहीतर कुणाच्या पोरीच्या लग्नाला पाट करून द्यायचा असो, पाळला जायचाच. समोरच्यानंही पाळावा ही अपेक्षा. कंपाउंडात सगळे त्यांना हसायचे आणि सगळे घाबरायचे.

सोलापुरातल्या ज्यांनी तो नाताळ बघितला नाही त्यांना काय सांगू! चोवीस तारखेला संध्याकाळी पाचला बाईंच्या गावात चर्चची घंटा व्हायची. आमच्याकडं घंटा नव्हती, म्हणून कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. त्यावर बिरूमामा टोले द्यायचे. मग झाड. तसलं झाड इथं कुठलं यायला? सुरूचं होतं, तेही पत्र्याच्या पिपात लावलेलं, कारण बाईंनी झाड तोडून आणा म्हटल्यावर मामांनी विचारलं होतं, "सणाला जीव मारायचा व्हय?" म्हणून दर वर्षी पिपासकट आत ओढायचं आणि सण झाला की बाहेर. हात धरून झाडाभोवती फेर धरायचा, अगदी आपल्या भोंडल्यासारखा, फक्त गाणी नॉर्वेची. एकाही शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक नाही, पण पाठ सगळ्यांना, आणि सगळ्यांत मोठा आवाज मामांचा. सात प्रकारचा फराळ असायलाच हवा असा बाईंचा नेम. आमची स्वयंपाकीण नरसम्मा, विणकराच्या घरातली, चार प्रकार बाईंचे करायची आणि उरलेले तीन शंकरपाळी, चकली, करंजीवर भागवायची. बाई मोजायच्या, सात भरले की गप्प बसायच्या.

फेराच्या आधी पाखरांचा मान. धान्याची पेंढी उंच काठीला बांधायची, म्हणजे सणाच्या दिवशी पाखरं उपाशी राहत नाहीत. हा मान मामांना फार पटलेला. डिसेंबरात आपल्याकडं शाळू हिरवाच असतो, तेव्हा कणसं कुठली? म्हणून फेब्रुवारीत सुगी झाली की मामा गावाकडनं भरल्या कणसांची एक पेंढी आणून कामशाळेच्या माळ्यावर उंदरांपासून जपून ठेवायचे. नाताळाची तयारी अशी दहा महिने आधी सुरू करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बोकड करायला नकार दिला. कडब्याला सोन्याचा भाव, जनावरं छावणीत हाडं घेऊन उभी. बाई म्हणाल्या, नॉर्वेला कबूल केलंय. मामा म्हणाले, "जितं जितराब उपाशी आन् मी कडब्याचं खोटं जितराब करत बसू? मला न्हाय जमायचं." त्या वर्षी झाडाखाली बोकड नव्हताच. पेंढी मात्र बांधली. आदल्या सुगीची, माळ्यावर जपलेली. लोक म्हणाले, अरे, माणसांना भाकर नाही आणि चिमण्यांना कसलं? मामा शिडीवरनंच म्हणाले, "त्येंला दर साली बोलावतो. औंदाच कसं न्हाय म्हनू?"

आता खिरीचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

जेवणाच्या शेवटी तांदळाची खीर. मोठ्या पातेल्यात एकच बदाम टाकायचा. ज्याच्या वाटीत तो येईल त्याला बक्षीस. पण नियम असा, की बदाम लागला तरी बोलायचं नाही. गालात दाबून ठेवायचा आणि साळसूद चेहऱ्यानं खात राहायचं, म्हणजे बाकीचे आशेनं वाट्यांवर वाट्या रिचवतात. सगळं पातेलं संपलं की तोंडातनं काढून दाखवायचा. बक्षीस बिरूमामांनी कोरून, बिनखिळ्याचा जोडलेला एक वीतभर लाकडी बोकड. महिनाभर ते तो कोरत बसायचे. स्वतःला मात्र बदाम कधी लागला नाही. पण मौज वेगळीच होती. खीर चालू झाली की मामा एकेकाचं तोंड निरखत टेबलाभोवती फिरायचे आणि दर वर्षी, दर वर्षी हां, बदाम कुणाच्या गालात आहे ते बरोबर ओळखायचे. म्हणायचे, "इतकी वरसं शेरडं राखली. कोण चोरून काय खातंय ते त्वांडावरनंच कळतंय." एकदा खुद्द बाईंच्या गालावर बोट रोखलं होतं. बाई लाजून लाल झाल्या आणि अख्खी कामशाळा टेबल बडवत हसली.

बाई आणि मामा एकमेकांशी सारखे भांडायचे आणि एकमेकांवाचून त्यांचं चालायचं नाही. मामांचे मेहुणे कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. एकदा त्यांनी तिथं सुताराची जागा काढली. रेल्वेची नोकरी, क्वार्टर, म्हातारपणाला पेन्शन. मामी तर बोचकं बांधून बसल्या होत्या. तेव्हा बाईंनी मामांना थांबवलं. मी समोर होते. "मी आहे तोवर कामशाळा आहे, बिरू. आणि मी कुठे जाणार? मी इथेच मरणार. मला पुरायची पेटी तू करायची, खिळ्यांशिवाय." मामांनी पेन्सिल काढली, टेबलावर टक् केलं. "शबुद?" बाईंनी पण आपला टाक टेबलावर वाजवला. "शब्द."

मामा राहिले. मामी आठवडाभर बोलल्या नाहीत.

चौऱ्याहत्तर साली दसरा झाला आणि बाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. कामशाळेला पैसा पुरवणाऱ्या नॉर्वेच्या बोर्डाचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर द्यायचं होतं. बाई सांगत गेल्या, मी टाईप करत गेले. कामशाळा मार्चअखेर बंद करायला मी तयार आहे. मी कायमची परत येईन. पण ही गोष्ट नाताळ होईपर्यंत इथल्या माणसांना कळू नये, कारण यंदा आपले पाहुणे फिल्म काढायला येत आहेत आणि आमचा शेवटचा नाताळ आनंदाचा दिसायला हवा.

माझी बोटं थांबली. बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे तुझ्यापाशीच राहील ना? तुझी काळजी करू नको. सरकारी ऑफिसात एका साहेबांशी मी बोलून ठेवलं आहे. शिफारसपत्र मी देईन."

मी 'हो' म्हटलं. घरी वडिलांचा खोकला होता, बहिणी होत्या, सगळं होतं. सबब म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतेय. 'हो' म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दिवाळी झाली आणि कुर्डुवाडीची जागा पुन्हा निघाली. मेहुण्यांच्या साहेबानं शब्द टाकला होता, वयाचं या खेपेपुरतं चालवून घेणार होते, पुढं मात्र दार बंद. मामा पटका नीट बांधून ऑफिसात आले.

"बाई, सरळ इचारतो. तुमी हायसा न्हवं हितं? तुमी असला तर म्या बी हाय. नसला तर आत्ताच सांगा, पोराबाळांचं बघाया पायजे."

मी टाइपरायटरवर नजर खिळवून बसले होते. मनात म्हणत होते, सांगा, बाई सांगा. आता तरी सांगा.

बाई म्हणाल्या, "मी कुठे जाणार, बिरू? यंदा बोकड मोठा कर. माणसाच्या उंचीचा. पाहुणे येणार आहेत."

मामांनी पेन्सिल काढून टेबलावर टक् केलं. "शबुद?"

बाईंनी टाक उचलला. वाजवला. "शब्द."

मामांचं तोंड असं उजळलं म्हणता! माझ्याकडं वळले. "टायपिस्टबाई, कुर्डुवाडीला न्हाय म्हनून कागद लिवा की. विंग्रजीत. आन् त्येंला वाईट वाटू न्हाय असं लिवा."

आणि मी लिहिलं. त्याच मशीनवर, ज्यावर महिन्यापूर्वी ते पत्र लिहिलं होतं. तीनदा चुकले, तीनदा कागद बदलला. मामा पाठीशी उभे राहून कौतुकानं बघत होते. खाली त्यांनी मोठ्या अक्षरात 'बिरू' अशी सही केली आणि पाकीट घेऊन निघाले. मी उठून फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेले.

"मामा, दोन दिवस थांबून टाका ना पत्र."

"का वं?"

फाटकात आम्ही दोघंच होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हटलं, "काही नाही. सहज."

"सहज कशाला थांबायचं? बाईंनी शबुद दिलाय," म्हणाले आणि पोस्टाकडं गेले. हे 'सहज' मला जन्मभर पुरलंय.

त्या वर्षीचा नाताळ काय वर्णावा! मामांनी खरंच माणसाच्या उंचीचा बोकड केला. दीड महिना लागला. कान असे लोंबते, की वाऱ्यानं हलायचे. फिल्मवाले पाहुणे त्याच्याभोवती लोटांगणं घालून फोटो काढत होते. मामांनी कपाळाला भंडारा लावला तो त्यांनी तीनदा लावायला लावला, वेगवेगळ्या बाजूंनी. रुळाचा टोला झाला, पेंढी चढली, फेर झाला. बाई मामांचा हात धरून नाचत होत्या, गात होत्या. मी बघत होते. या बाईला कसं जमतं, असा राग येत होता. मग लक्षात यायचं, मला तरी कसं जमतंय?

खीर आली. तिसऱ्या घासाला माझ्या दाताखाली काहीतरी टणक आलं.

आयुष्यात मला कधी काही लागलं नाही, आणि तेव्हा नेमका बदाम लागला. थुंकून टाकावा असं वाटलं. पण नियम म्हणजे नियम. गालात सरकवला. तोवर मामा पटका सावरत निघाले होते. "हितं न्हाय... तितं न्हाय... नरसम्माबाई, आ करा! न्हाय." पाहुणे हसताहेत, फिल्म चालू आहे. मामा माझ्यासमोर आले. वाकून बघितलं. अगदी डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता ओळखणार. दोन्ही ओळखणार. मला ते हवं होतं, देवाशपथ हवं होतं.

"ह्या न्हाईत," मामा म्हणाले. "ह्येंचं त्वांड साफ हाय." आणि पुढं गेले.

पातेलं संपलं तेव्हा मी बदाम काढून तळहातावर ठेवला. एकच गलका झाला. मामांनी मांडीवर थाप मारली. "आयला! चुकलो की! पयल्यांदा चुकलो बगा!" स्वतःच्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी बघितलं नाही. लाकडी बोकड त्यांनी स्वतःच्या हातानं मला दिला.

बाईंच्या पद्धतीत नाताळ धरून विसाव्या दिवशी सण घराबाहेर काढायचा. तो दिवस तेरा जानेवारी. मामा शिडीवर चढून सुरूवरचे काड्यांचे तारे उतरवत होते, खाली बायका ते कागदात गुंडाळत होत्या. तेव्हा बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि कागदावरनं वाचून दाखवलं. कामशाळा मार्चअखेर बंद. बोर्डाचा नाइलाज. सगळ्यांचे आभार. वाचताना बाईंचा आवाज फाटला. नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलली आणि मटकन खाली बसली.

मामा शिडीवरनं उतरले. हातात तारा तसाच.

"कवा ठरलं?"

"बोर्डानं..."

"बोर्डाचं न्हाय इचारत. तुमाला कवा कळलं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. का कुणास ठाऊक, नाही बोलल्या. "दसऱ्याला."

मामा मनात मोजत असावेत. दसरा, मग दिवाळी, मग ती पेन्सिल. त्यानंतर त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. बाईंची पत्रं कोण लिहितं हे कंपाउंडातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. या खेपेला माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांना वाचता आलं. त्यांनी तारा खाली ठेवला, पिपाला हात घातला आणि एकट्यानं झाड बाहेर ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी तिळगूळ घेऊन त्यांच्या बाकापाशी गेले. त्यांनी हात पुढं केला, घेतला, बाकावर ठेवला. संध्याकाळी जाताना बघितलं तर तिथंच होता, मुंग्या लागलेल्या.

मार्चपर्यंत मामांनी काम सोडलं नाही. बाईंच्या सामानाच्या पेट्याही त्यांनीच केल्या. त्या पेट्यांना त्यांनी खिळे मारले. दिवसभर कामशाळेतनं ठोकण्याचा आवाज यायचा आणि बाई बंगल्याच्या खिडक्या लावून बसायच्या. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे हार घेऊन स्टेशनवर गेलो. बाई ढसाढसा रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. माझ्या हातात शिफारसपत्राचं पाकीट दिलं. सारखं फलाटाच्या दाराकडं बघत होत्या. मामा आले नाहीत.

पुढं मला नोकरी लागली. सरकारी, पक्की. मामांचं कानावर यायचं. कुर्डुवाडीचं दार बंद झालं होतं. लाकडाच्या वखारीत रोजानं चौकटी करतात, खिळे मारून.

डिसेंबर आला तसा माझा जीव लागेना. चोवीस तारखेला अर्धी रजा टाकली, लाकडी बोकड पिशवीत घातला आणि विजापूर रस्त्याला गेले. ठरवलं होतं, पाय धरायचे, बोकड परत द्यायचा, वाटेल ते बोलू दे.

फाटकाला कुलूप होतं, पण बाजूचं कुंपण मोडलेलं. आत गवत वाढलेलं, कामशाळेचे पत्रे कुणी काढून नेलेले. सुरू पिपातच वाळून गेला होता. आणि कडुलिंबाखाली शिडी लावून बिरूमामा काठीला पेंढी बांधत होते.

"मामा," मी हाक मारली.

त्यांनी वळून बघितलं. दचकले नाहीत की रागावले नाहीत. "टायपिस्टबाई व्हय? या." जणू मी रोज येत होते.

"यंदा कशाला, मामा? इथं कोण आहे आता?"

"सुगीतच बाजूला काढून ठिवली हुती. पाखरांनी काय केलंय?"

फेब्रुवारीत, म्हणजे सगळं कळून महिना उलटल्यावर, हा माणूस गावाकडं जाऊन पेंढी घेऊन आला होता. मी पिशवीतनं बोकड काढून त्यांच्यापुढं धरला. "हा तुमचा तुम्ही घ्या. माझ्याच्यानं ठेववत नाही. मला माहीत होतं, मामा. तुमचं पत्र लिहिताना मला माहीत होतं."

मामा शिडीवरनं दोन पायऱ्या उतरले. बोकड हातात घेतला नाही, नुसतं त्याच्या कानावरनं बोट फिरवलं.

"बाईंचं सोडा. त्या लांबच्या, त्येंला जायाचंच हुतं," ते म्हणाले. "पर बदाम तुमच्या गालात हुता. दसऱ्यापास्नं. आन् म्या रोज तुमचं त्वांड बघून म्होरं ग्येलो."

मी हात पुढं करून तशीच उभी.

"ठिवा त्यो. नियमानं जिंकलाय तुमी."

एवढं बोलून ते पुन्हा शिडी चढले. मी मोडक्या कुंपणातनं रस्त्यावर आले तेव्हा मागं रुळाच्या तुकड्यावर टोले पडायला लागले. वळून बघितलं. त्या ओसाड कंपाउंडात मामा एकटे उभे राहून टोले देत होते, आणि काठीवरच्या कणसांवर दोन-तीन चिमण्या येऊन बसल्या होत्या. टोले संपल्यावर ते पटका काढून खाली बसले आणि चिमण्यांकडं बघत राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

बोकड माझ्या कपाटात आहे. पन्नास वर्षं झाली, एक सांधा हललेला नाही.